हंगामातील खंड : तरुण फटकेबाज फलंदाजाचे अपयश आणि त्याचे दीर्घकालीन भवितव्य

सारांश

तरुण आणि आक्रमक फलंदाज हंगामाच्या मध्यावर अचानक अपयशी ठरू लागला की त्याच्या भवितव्याविषयी घाईने मते बनविली जातात. प्रस्तुत लेखात अशा अपयशकाळाचे स्वरूप संख्याशास्त्रीय दृष्टीने स्पष्ट केले असून बेसबॉल आणि क्रिकेट या दोन्ही खेळांतील नोंदींच्या आधारे, विशेषतः विनोद कांबळी यांच्या कसोटी कारकिर्दीच्या आधारे, त्याची चर्चा केली आहे. अपयशाचे कारण आणि खेळाडूचे भवितव्य हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत व त्यांची उत्तरे वेगवेगळ्या पुराव्यांवरून शोधावी लागतात, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. शेवटी बीड जिल्ह्यातील महाविद्यालयीन संघनिवडीच्या संदर्भात काही सूचना केल्या आहेत.

सूचक शब्द : अपयशकाळ, सरासरी, योगायोग, संघनिवड, बीड जिल्हा.

प्रस्तावना

बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याला 'खंड' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मृगात पेरणी होते, पीक वर येते आणि ऐन जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस दडी मारतो. अशा वेळी शेतकरी हवालदिल होतो, परंतु तीन आठवड्यांच्या खंडावरून जमीन नापीक ठरवून ती विकून टाकत नाही. जमिनीचा कस त्याला अनेक वर्षांच्या अनुभवावरून ठाऊक असतो. खेळाडूंच्या बाबतीत मात्र आपण हा विवेक सहसा पाळत नाही. तीन-चार सामन्यांत अपयश आले की 'याच्यात दम नाही' असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो.

प्रस्तुत लेखक संख्याशास्त्राचा अध्यापक असून महाविद्यालयाच्या क्रीडा निवड समितीवर काही वर्षे काम करीत आहे. या कामात झालेल्या एका चुकीतूनच सदर विषयाकडे लक्ष वेधले गेले. तिचा उल्लेख पुढे येईल. तत्पूर्वी अपयशकाळ म्हणजे नेमके काय, हे पाहणे आवश्यक आहे.

अपयशकाळ : योगायोगाचा वाटा

बेसबॉल हा अमेरिकेचा लोकप्रिय खेळ या विवेचनासाठी सोयीचा आहे. त्यात फलंदाजाची प्रत्येक पाळी यश किंवा अपयश अशा दोन भागांत नोंदविता येते. दहापैकी तीन पाळ्यांत यशस्वी फटका मारणारा फलंदाज तेथे उत्तम समजला जातो. म्हणजेच उत्तम फलंदाजसुद्धा दहापैकी सात वेळा अपयशी ठरतो. अशा फलंदाजाच्या कोणत्याही दहा पाळ्या घेतल्या, तर त्या दहाही निष्फळ ठरण्याची शक्यता सुमारे २.८ टक्के असते. ही शक्यता अल्प वाटते. तथापि हंगामात ५०० पाळ्या मिळत असतील, तर त्यात कोठे ना कोठे सलग दहा अपयशांची एक तरी मालिका येणे जवळजवळ निश्चित असते. या काळात फलंदाजाचे कौशल्य तिळमात्र कमी झालेले नसते. प्रेक्षकांना व पत्रकारांना मात्र तो 'फॉर्म हरवलेला' दिसतो.

क्रिकेटमध्ये धावसंख्येला वरची मर्यादा नसल्यामुळे चढउतार याहून मोठे असतात. फलंदाजांच्या धावसंख्या गुणोत्तरी वितरणाच्या जवळ जातात, ही मांडणी इंग्लंडमध्ये १९४५ सालीच झाली होती. तिच्यानुसार ३० धावांची सरासरी असलेला फलंदाज दहापेक्षा कमी धावांत बाद होण्याची शक्यता सुमारे २८ टक्के असते. बारा डावांच्या हंगामात अशा दर्जाचे सात फलंदाज एका संघातून खेळत असतील, तर त्यांपैकी किमान एकाच्या वाट्याला दहाच्या आतील सलग तीन डाव केवळ योगायोगाने येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक भरते. म्हणजेच 'सलग तीन सामन्यांत अपयशी' हा निकष लावणारी निवड समिती दरवर्षी एखाद्या निर्दोष खेळाडूला शिक्षा करण्याची व्यवस्थाच करून ठेवते.

अल्प नोंदींवरून अंदाज कसा बांधावा?

अल्प नोंदी फसव्या असतात, एवढे म्हणून थांबता येत नाही. निवड तर करावीच लागते. या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर संख्याशास्त्रात उपलब्ध आहे. चार्ल्स स्टाइन यांनी १९५६ साली मांडलेल्या सिद्धांताचा आधार घेऊन ब्रॅडली एफ्रॉन व कार्ल मॉरिस यांनी १९७० च्या बेसबॉल हंगामातील १८ फलंदाजांच्या पहिल्या ४५ पाळ्यांची नोंद तपासली आणि तिच्यावरून उरलेल्या हंगामाचा अंदाज बांधला. प्रत्येकाची स्वतःची सरासरी जशीच्या तशी न घेता ती सर्व गटाच्या सरासरीकडे ओढून घ्यावी, ही त्यांची पद्धत होती. या पद्धतीने एकूण चूक, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज, सुमारे साडेतीन पटीने कमी झाली.

या अठरा जणांत थर्मन मन्सन हा २३ वर्षांचा नवोदित खेळाडू होता. पहिल्या ४५ पाळ्यांत त्याला अवघे ८ यशस्वी फटके मारता आले. यशाचे प्रमाण १७.८ टक्के. गटाची सरासरी २६.५ टक्के होती. वैयक्तिक नोंदीला त्या पद्धतीने दिलेले वजन ०.२१२ इतकेच होते. त्यामुळे मन्सनविषयीचा अंदाज २६.५ मधून ८.७ च्या सुमारे एकपंचमांश वजा करून २४.७ टक्के असा आला. प्रत्यक्षात उरलेल्या हंगामात त्याचे यश ३१.६ टक्के राहिले आणि त्या वर्षीचा अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम नवोदित खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. सुधारित अंदाजही अचूक नव्हता, परंतु त्याची चूक मूळ आकड्यावर विसंबून झालेल्या चुकीच्या निम्मी होती.

यातून घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. अल्प काळातील अपयश गटाच्या सरासरीकडे वर ओढून वाचावे, तसेच अल्प काळातील झगमगते यशही खाली ओढून वाचावे. आपण पहिली गोष्ट विसरतो म्हणून खेळाडूला अवेळी वगळतो, आणि दुसरी विसरतो म्हणून त्याच्यावर अवाजवी अपेक्षांचे ओझे टाकतो. पुढील उदाहरणात या दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात.

विनोद कांबळी यांची कसोटी कारकीर्द

फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस ढाल स्पर्धेत शारदाश्रमकडून सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी केलेली ६६४ धावांची अभेद्य भागीदारी सर्वपरिचित आहे. त्यात कांबळी यांचा वाटा नाबाद ३४९ धावांचा होता. जानेवारी १९९३ मध्ये इंग्लंडविरुद्ध कोलकाता येथे त्यांनी कसोटी पदार्पण केले. त्याच मालिकेत वानखेडे मैदानावर २२४, पुढील महिन्यात दिल्लीत झिंबाब्वेविरुद्ध २२७ आणि त्या वर्षीच्या श्रीलंका दौऱ्यात १२५ व १२० अशी त्यांची शतके झाली. पहिल्या सात कसोटींअखेर त्यांच्या ७९३ धावा झाल्या होत्या आणि सरासरी ११३.२९ होती.

ही सरासरी टिकणारी नव्हती. जगातील कोणत्याही फलंदाजाची टिकली नसती. १९९४ च्या प्रारंभी श्रीलंकेविरुद्ध मायदेशी ८२ व ५७ धावांचे दोन चांगले डाव झाले. त्यानंतर हॅमिल्टन येथील एका कसोटीत ९ व १९ धावा झाल्या. १९९४ च्या अखेरीस वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला. पहिल्या कसोटीच्या पहिल्या डावात कांबळी यांनी ४० धावा केल्या आणि १४ डावांत एक हजार कसोटी धावा पूर्ण केल्या. भारतीयांपैकी कोणीही याहून कमी डावांत तो टप्पा गाठलेला नाही. तथापि त्याच मालिकेतील पुढील पाच डावांत ०, ०, ६, १८ आणि ० अशा धावा झाल्या. सहा डावांत मिळून अवघ्या ६४. पुढील वर्षी न्यूझीलंडविरुद्ध २७ व २८ धावांचे दोनच डाव त्यांच्या वाट्याला आले. नोव्हेंबर १९९५ मधील कटकची कसोटी ही त्यांची शेवटची ठरली. त्या वेळी त्यांचे वय २३ वर्षे होते. १७ कसोटींत १,०८४ धावा, ४ शतके आणि ५४.२० ची सरासरी, अशी ही नोंद आहे.

येथे संख्याशास्त्राने प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. वेस्ट इंडीजविरुद्धचे अपयश हा निव्वळ योगायोग होता काय? ५४ ची सरासरी असलेल्या फलंदाजाला वर उल्लेखिलेले वितरण लावले, तर सहा डावांत मिळून ६४ किंवा त्याहून कमी धावा होण्याची शक्यता हजारात एक-दोन एवढीच येते. कारकिर्दीतील सर्वांत वाईट सहा डाव आपण मागाहून वेचून घेतले आहेत, याची सूट दिली तरी ही शक्यता अल्पच राहते. तेव्हा येथे योगायोगाखेरीज आणखी काही कार्यरत होते, असे मानावे लागते. कोर्टनी वॉल्श यांच्या नेतृत्वाखालील वेगवान माऱ्यापुढे, विशेषतः आखूड टप्प्याच्या उसळत्या चेंडूंवर, कांबळी यांची अडचण होते असे त्या काळी सर्वत्र म्हटले गेले. म्हणजेच खंड खरा होता आणि त्याला कारणही होते.

परंतु कारण होते, यावरून भवितव्य संपले होते असे सिद्ध होत नाही. २२-२३ वर्षांच्या फलंदाजाच्या तंत्रातील उणीव ही दुरुस्त होण्याजोगी बाब आहे. ती दुरुस्त झाली की नाही, हे तपासण्यासाठी त्याच प्रकारच्या माऱ्यापुढे पुन्हा संधी मिळावी लागते. कांबळी यांना पुढेही एकदिवसीय संघात वेळोवेळी स्थान मिळाले आणि त्यांचे एकूण १०४ एकदिवसीय सामने झाले. प्रथम श्रेणीत त्यांनी ९,९६५ धावा ५९.६७ च्या सरासरीने केल्या. कसोटी संघाचे दार मात्र पुन्हा उघडले नाही. मैदानाबाहेरील घडामोडींची चर्चा येथे अभिप्रेत नाही. केवळ धावांचा हिशेब पाहता, पहिल्या सात कसोटींवरून बांधलेली ११३ ची अपेक्षा जितकी चुकीची होती, तितकाच शेवटच्या काही डावांवरून काढलेला कायमचा निष्कर्षही अपुऱ्या पुराव्यावर आधारलेला होता, एवढे म्हणता येते.

अपयशाची तीन कारणे

वरील विवेचनावरून अपयशकाळाची कारणे स्थूलमानाने तीन प्रकारांत मांडता येतात.

पहिले कारण योगायोगाचे. यात फलंदाज वेगवेगळ्या पद्धतीने बाद होतो. कधी धावबाद, कधी सीमारेषेवरील अप्रतिम झेल, कधी एखादा खरोखर न खेळता येण्याजोगा चेंडू. सरावात चेंडू बॅटच्या मध्यावर येत असतो. येथे उपाय एकच, तो म्हणजे संयम.

दुसरे कारण प्रतिस्पर्ध्यांच्या अभ्यासाचे. नवा फटकेबाज आला की पहिल्या काही सामन्यांत गोलंदाजांना त्याची माहिती नसते. हंगामाच्या मध्यापर्यंत त्याचे दुबळे स्थान सर्वांना कळते. यात फलंदाज पुनःपुन्हा एकाच पद्धतीने बाद होतो. येथे नुसता संयम पुरत नाही, तर तंत्रात दुरुस्ती करावी लागते. पृथ्वी शॉ यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोट येथे पदार्पणात १३४ धावा करणारे शॉ डिसेंबर २०२० मधील अॅडलेड कसोटीत ० व ४ धावांवर दोन्ही वेळा त्रिफळाचीत झाले आणि संघाबाहेर गेले. त्यानंतर लगेचच २०२०-२१ च्या विजय हजारे स्पर्धेत त्यांनी चार शतकांसह ८२७ धावा केल्या. अर्थात एकदा झालेली दुरुस्ती कायम टिकते असे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांना मुंबईच्या रणजी संघातून वगळण्यात आले. २०२५ मध्ये ते महाराष्ट्राकडून खेळू लागले आणि त्याच हंगामात चंदीगडविरुद्ध त्यांनी २२२ धावा केल्या. भवितव्याचा आलेख सरळ रेषेत जात नाही, हेच यातून दिसते.

तिसरे कारण शरीर व मनाचे. लपविलेली दुखापत, अपुरा आहार, झोपेचा अभाव, घरातील अडचण आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वगळले जाण्याची भीती. या भीतीने फलंदाज आपला नैसर्गिक फटका आखडता घेतो आणि योगायोगाने सुरू झालेला खंड खराखुरा होऊन बसतो. अमेरिकेतील विली मेज हे मे १९५१ मध्ये विसाव्या वर्षी न्यूयॉर्क जायंट्स संघात दाखल झाले, तेव्हा पहिल्या २६ पाळ्यांत त्यांना केवळ एकदाच यश मिळाले. रडवेल्या झालेल्या मेज यांना व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी, आपण व्यवस्थापक असेपर्यंत तुझी जागा कायम आहे, असे आश्वासन दिले. मेज त्या वर्षीचे नॅशनल लीगमधील सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरले आणि कारकिर्दीत त्यांनी ६६० होमरन मारले. एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु आश्वासनामुळे तिसरे कारण दूर होते आणि उरलेल्या दोहोंची तपासणी करता येते, हे तत्त्व सर्वत्र लागू पडते.

बीड जिल्ह्याचा संदर्भ

भारतीय संघाचे माजी अष्टपैलू खेळाडू व पुढे फलंदाजी प्रशिक्षक झालेले संजय बांगर यांचा जन्म बीडचा. अलीकडच्या पिढीत बीडच्या सचिन धस याने २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत जिल्ह्याचे नाव देशभर पोहोचविले. उपांत्य सामन्यात बेनोनी येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २४५ धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था ४ बाद ३२ झाली असता धसने ९६ धावा केल्या आणि कर्णधार उदय सहारणसोबत १७१ धावांची भागीदारी करून सामना फिरविला.

या स्पर्धेतील त्याचे सात डाव क्रमाने पाहावेत : नाबाद २६, नाबाद २१, २०, १५, ११६, ९६ आणि ९. एकूण ३०३ धावा, सरासरी ६०.६०. यांपैकी ७० टक्के धावा केवळ दोन डावांतून आल्या. चौथ्या डावानंतर, म्हणजे स्पर्धेच्या मध्यावर, केवळ धावसंख्या पाहून त्याला वगळले असते, तर ११६ आणि ९६ हे दोन्ही डाव झालेच नसते. तळाकडे येऊन थोड्या चेंडूंत फटकेबाजी करणाऱ्या फलंदाजाच्या धावा कमी दिसणारच, हे संघव्यवस्थापनाने ओळखले होते. त्याचप्रमाणे या सात डावांवरून त्याच्या पुढील पंधरा वर्षांचे भाकीत करणेही अनुचित ठरेल. त्याच्या वाट्यालाही खंड येतील. त्या वेळी जिल्ह्याने त्याच्याकडे कसे पाहावे, याची तयारी आजच असावी.

आता प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या चुकीकडे वळतो. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयीन संघात प्रथम वर्षाचा एक फटकेबाज विद्यार्थी निवडला गेला. तीन डावांत मिळून त्याच्या नऊ धावा झाल्या आणि समितीने त्याला वगळले. त्या निर्णयावर माझीही स्वाक्षरी होती. पुढील हंगामात तो मैदानावर आला नाही. नंतर एकदा धावफलकाची वही चाळताना लक्षात आले की, त्या तीन डावांपैकी एकदा तो दुसऱ्याच्या चुकीने धावबाद झाला होता आणि एकदा सीमारेषेवर झेलबाद. त्याचे कुटुंब ऊसतोडीचे होते. दिवाळीनंतर आईवडील कारखान्याकडे गेले की घर व धाकटी भावंडे त्याच्यावर असत, हेही तेव्हाच समजले. म्हणजे पहिले आणि तिसरे कारण दोन्ही आमच्यासमोर होते. आम्ही फक्त बेरीज पाहिली. वर्गात विद्यार्थ्यांना अल्प नमुन्याचे धोके शिकविणाऱ्या अध्यापकाकडून हे घडावे, याची खंत आजही वाटते.

सूचना

१) प्रत्येक खेळाडूच्या धावांबरोबर खेळलेले चेंडू आणि बाद होण्याची पद्धत नोंदविणारी वही महाविद्यालयात ठेवावी व ती वर्षानुवर्षे जपावी. शालेय व तालुका पातळीवरील डावही तीत घ्यावेत.

२) किमान दहा-बारा डावांची नोंद असल्याखेरीज केवळ धावसंख्येच्या आधारे खेळाडूला वगळू नये. नोंदी जितक्या कमी, तितका संघाच्या सरासरीला अधिक मान द्यावा.

३) बाद होण्याची पद्धत एकच असेल तर वगळण्यापूर्वी त्या उणिवेवर सराव करवून घ्यावा आणि पुन्हा संधी देऊन दुरुस्ती तपासावी.

४) ऊसतोडीचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. याच काळात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची धामधूम असते. स्थलांतरित कुटुंबांतील खेळाडूंच्या अडचणी क्रीडा संचालकांनी हंगामाच्या आरंभीच समजून घ्याव्यात.

५) निवडलेल्या खेळाडूला किती सामने निश्चितपणे मिळतील, हे आधीच सांगावे. भीती कमी होण्यास हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे.

निष्कर्ष

तरुण फटकेबाजाचा हंगामातील खंड हा कधी योगायोग असतो, कधी प्रतिस्पर्ध्यांनी शोधलेल्या उणिवेचा परिणाम असतो, तर कधी शरीर व मनाची तक्रार असते. कारण कोणतेही असले तरी भवितव्याचा निर्णय खंडावरून करता येत नाही. तो वय, दीर्घकालीन नोंद, दुरुस्तीला मिळणारा प्रतिसाद आणि मिळालेली संधी यांवरून करावा लागतो. कांबळी यांच्या बाबतीत खंडाचे कारण खरे होते, परंतु दुरुस्तीची तपासणी कसोटीच्या मैदानावर झालीच नाही. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर आज कोणालाही देता येत नाही.

हा विचार मैदानापुरता मर्यादित नाही. पहिल्या सत्रात दोन विषयांत अनुत्तीर्ण झालेला ग्रामीण विद्यार्थी आपल्यापुढे दरवर्षी येतो. त्याच्याविषयी मत बनविताना आपल्या हाती किती नोंदी आहेत, हा प्रश्न प्रत्येक अध्यापकाने स्वतःला विचारावा. खंडानंतर पाऊस येतोच असे नाही. परंतु पाऊस आला तेव्हा शेतात पीक उभे असले पाहिजे, आणि ते खंडातच मोडून टाकले असेल तर आलेल्या पावसाचा उपयोग होत नाही.